सेठची मोटर आणि माझं गाडगं

काय सांगावं बायांनो, मूर्खपणा करायचा तर घरात करावा, चार भिंतींच्या आड! मी केला तो सरकारी नाक्यावर, निजामाच्या शिपायांसमोर.

आमचे हे हिंगोलीच्या एका जिनात, कापसाच्या सरकीकारखान्यात, मिस्त्री. जिनाचे सेठ उन्हाळ्यात बायकापोरांसह इंग्रजी मुलखात, चिखलदऱ्याला जाऊन बसलेले. तिथून निरोप आला : मोटर वर आणून पोचव, धड आणलीस तर ड्रायव्हरची नोकरी तुझी. आणि ओरखडा जरी दिसला, तर जिनातलं कामही विसर.

आमचा गजू तेव्हा सहा महिन्यांचा. उकाड्यानं अंगभर घामोळं. मी हट्टच धरला, "मी बी येते. लेकराला चार दिस गारवा लागंल."

हे म्हणाले, "ये. पण गाडाभर सामान घेऊ नको."

गारव्याला जायचं म्हणून आनंद झाला, आणि लगेच धसका बसला. गारवा म्हणजे थंडी! थंडीत लेकराला शेक नको? शेकाला विस्तव नको? काडीपेटी आहे हो, पण डोंगरावर काड्या सादळतात म्हणे. इथं विस्तव विझला तर शेजारणीकडून खापरात आणता येतो. त्या परमुलखात ना शेजार ना पाजार, मला विस्तव देणार कोण?

म्हणून मी आपला घरचाच घेतला! गाडग्यात राख, राखेत निखारे, वर गवरीचा तुकडा, पुन्हा राख. गाडगं टोपलीत, सोबत दोन-चार गवऱ्या, टोपली मागच्या बैठकीवर माझ्याशेजारी, वर गजूची गोधडी.

ह्यांनी विचारलं, "त्यात काय हाय?"

"लेकराचं सामान."

खोटं होतं का सांगा!

हिंगोली सुटली. पैनगंगेच्या अलीकडं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. दिवस बुडाला की फाटक बंद, मग रात्र तिथंच काढायची. म्हणून हे मोटर दामटून राहिलेले. रस्ता असा, की पोटातलं पाणी कानात यावं. थोड्या वेळानं हे नाक फेंदारून वास घ्यायला लागले.

"काई जळून राहिलं काय गं?"

मी हुंगलं. गवरीचा वास. "गावातल्या चुली पेटल्या असतील."

"दुपारच्याला?"

ह्यांनी मागं वळून बघितलं तर मोटरभर धूर! ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मोटर थांबवली, पुढचं झाकण उघडलं, आणि अर्धे आत शिरले. मी गजूला घेऊन बाभळीखाली. पेट्रोल म्हणजे भडका, एवढं मलाही ठाऊक. सातवी शिकलेली आहे मी!

"घावलं का?"

"न्हाई. समदं बराबर हाय."

"मंग धूर काय आभाळातून येऊन राहिला?"

मोटर निवेपर्यंत मी गाडगं चाचपून पाहिलं. कोमट लागलं. जीव हळहळला, एवढ्या लांब आणलेला विस्तव विझायला नको. एक गवरी मोडून घातली, हळूच फुंकर मारली. लाल झाला. बरं वाटलं.

अर्ध्या कोसावर पुन्हा धूर. आता तर डोळे चुरचुरायला लागले. पुन्हा झाकण, पुन्हा बाभूळ. ह्यांनी नळ्या काढल्या, पुसल्या, बसवल्या. मी आणखी एक गवरी घातली.

हसू नका! विस्तव घरचा, ओळखीचा. त्याचा संशय कसा येईल? परकी होती ती मोटर.

"गेली नोकरी," हे कपाळाचा घाम पुसत म्हणाले. त्या हातांचं काळं कपाळभर झालं.

"नोकरी गेली खड्ड्यात! लेकरू जळंल माझं! तुमाला येत न्हाई तर हात काहून घालता मोटरीत?"

नाक्यावर पोचलो तेव्हा दिवस टेकला होता. जमादार पुढं आला, "सामान उतारो." तेवढ्यात माझ्या कुशीपाशी भक्कन धुराचा लोट उठला. मी गजूला जमादाराच्या हातात कोंबलं आणि बोंब ठोकली, "मोटर पेटली वो! पळा!"

शिपाई धावले. नाक्याच्या रांजणापाशी बादली होती, ती मी उचलली आणि निघाले झाकणाकडं.

हे ओरडले, "पाणी नको! तापलेलं इंजन फुटंल!" आणि दोन्ही हात पसरून मोटरीवर आडवे झाले.

पण बादली काय, निघाली की निघाली! सगळं पाणी ह्यांच्या अंगावर.

हे निथळून राहिलेले. आणि धूर मागूनच येऊन राहिलेला, मजेत.

जमादारानं गजूला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातानं गोधडी उचलली. टोपलीचं बूड जळून खाली बैठकीला ताटलीएवढं भोक.

"बाई, ये क्या है?"

"विस्तव. लेकराच्या शेकाला."

तो ह्यांच्याकडं वळला. "मिस्त्री, आग पीछे थी. पानी तुमपे काहेको डाली?"

जमादारानं त्याच निखाऱ्यावर बिडी पेटवली, गाडगं मातीत उपडं केलं आणि म्हणाला, "आग का महसूल नहीं है अपने यहाँ. जाओ."

चिखलदऱ्याला पोचलो. सेठनी मोटर फिरून पाहिली, इंजिन ऐकलं, मग भोकात बोट घातलं. ह्यांनी खरं ते सांगून टाकलं. मी पदराआड. सेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. नोकरी मिळाली ह्यांना. पण परत आल्यावर सेठनी रंगाऱ्याकडून मागच्या दारावर पाटी लिहून घेतली : आत विस्तव आणू नये.

बाजारच्या दिवशी मोटर उभी असली की लोक पाटीपाशी जमतात. वाचता येत नाही, म्हणून मलाच विचारतात. मी वाचून दाखवते.

परवा एक म्हातारी म्हणाली, "मोटरीत विस्तव? असलं येडं कोण असंल वो बाई?"

मी म्हणाले, "असतंय एखादं, आजी. अडाणी असंल बिचारं."

हे तिकडं झाकण उघडून आत डोकं घालून बसले होते. खांदे हलत होते नुसते.