दुःखाच्या घरी न्यायची भाकरी

एस्तू, ये, पत्रातच का होईना, अशी जवळ बस माझ्या, आणि आधी दोन बोल ऐकून घे. फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात मला, आणि उत्तर द्यायचं नाव नाही. थोरल्या बहिणीशी असं वागतात का गं? विलासरावांना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून तू चर्चची पायरी चढली नाहीस, असं तिकडून कानावर येतं. नवरा गेल्यावर बाई गप्प होते, मला काय ठाऊक नाही? पण दार लावून बसायचं म्हणजे काय! तू बोलत नाहीस म्हणून मी बोलते. आणि मनमाड सोडून पुण्याकडे गेलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांनाही हे वाचून दाखव. त्यांनीही फ्लॅटच घेतलेत.

आम्ही मनमाडचं क्वार्टर सोडलं तो दिवस तुला आठवत असेल. तुझे दाजी रिटायर झाले आणि रेल्वेचं घर रेल्वेला परत गेलं. टेम्पोत कपाट आडवं घातलेलं, त्यावर गाद्या, त्यावर तुळतुळीत नवा कुकर. मी ओट्यावर बसून रडतेय आणि दाजी म्हणतात, "सामान चढलं, आता रडणं खालीच राहू दे, टेम्पोत जागा नाही." क्वार्टरांची अख्खी लाइन हसली होती. पाळकांनी प्रार्थना केली, बायकांनी गळ्यात पडून घेतलं. आई तेव्हा तुझ्याकडेच राहायची. सगळे आशीर्वाद देत होते, आणि ही बया म्हणते काय, "नव्या ठिकाणी कोणाचं माणूस गेलं तर काय आणू म्हणून विचारू नकोस. विचारलं की लोक नको म्हणतात. सरळ न्यायचं." निघताना बोलायची गोष्ट का ही? मला राग आला होता.

पण आपल्या लाइनीत तसंच होतं ना. ज्या घरात मयत, त्या घरात चूल पेटायची नाही. शेजारून पिठलं यायचं, दुसऱ्या घरून भाकरी, पलीकडच्या घरून तांब्याभर चहा. आपली माणसं, रामोशी काका, पठाणांची आपा, कोण कुठल्या देवाचं हे भाकरीवर लिहिलेलं नसायचं.

नाशिकरोडला आलो. इथे लिफ्ट आहे, वॉचमन आहे, पार्किंगवरून भांडणं आहेत. दारं मात्र बंद. रविवारी चर्चला जायचं तर तिथे कमिटीच्या दोन पार्ट्या. एक डावीकडे बसते, एक उजवीकडे, आणि पाळकसाहेब बिचारे मधल्या भिंतीकडे बघून उपदेश करतात. मला करमेना. मग दर गुरुवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये चार बायका बसू लागलो. रेबेका डाव्या पार्टीची, तिची जाऊ उजव्या पार्टीची, पेठ तालुक्याकडची मंदा जिचा नवरा समोरच्या बांधकामावर मुकादम आहे, आणि मी. एक स्तोत्र वाचायचं, एक गायन म्हणायचं, प्रार्थना करायची, चहा प्यायचा. साऱ्या जगाची नावं घ्यायचो प्रार्थनेत. जिना चढून वरच्या मजल्यावर मात्र जायचो नाही.

मग वरचे कुलकर्णी गेले. बायको आणि एक मुलगी, एवढंच घर. अंत्यविधी करून लोक परतले, आणि संध्याकाळी मी जिन्यात उभी होते तर जेवणाचं पार्सल आलं. डिलिव्हरीवाला दारात उभा, आणि ती बाई रडता रडता त्याला ओटीपी सांगतेय. एस्तू, ते चार आकडे ऐकले आणि मला आई आठवली. इतका राग आलेला तिचा, तो त्या जिन्यात उतरला.

गुरुवारी मी या तिघींना म्हणाले, यापुढे आपल्या सोसायटीत कोणाचंही माणूस गेलं, की पिठलं-भाकरी जाणार. विचारायचं नाही. उपदेश करायचा नाही, प्रार्थना कोणी मागितली तरच. डबा ठेवायचा, थोडं बसायचं, उठायचं. मंदा म्हणाली, "ताय, आमच्याकडं असंच हाय. नागलीची भाकर चालंल ना?" म्हटलं, पळेल.

पहिलीच फजिती शहाकाकूंच्या घरी. त्यांचे सासरे गेले. आम्ही दिवेलागणीला दणक्यात लसूण घातलेलं पिठलं घेऊन हजर! जैनांचं घर, त्यांना कांदा-लसूण चालत नाही, दिवस मावळल्यावर जेवणही नाही. आम्ही चार शहाण्या, एकीच्याही डोक्यात आलं नाही. काकूंच्या सुनेने डबा घेतला, हात जोडले. नंतर शहाकाकू हसून हसून सांगतात, "मावशी, तो डबा आम्ही गॅलरीत ठेवला आणि वास घरभर! वॉचमनने पुसून खाल्लं. पण खरं सांगू, तुम्ही आलात तेव्हा आमचेसुद्धा कोणी पोचले नव्हते." आता कुठे जायचं असलं की शहाकाकू मुगाची खिचडी करून देतात आमच्याबरोबर. गुरुवारी बसत नाहीत, बोलावलंही नाही कधी. त्यांचा त्यांचा धर्म आहे.

सगळं गोड नाही हं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की या बायका भाकरीच्या नावाखाली धर्म वाटतात. सेक्रेटरी विचारायला आले, "मावशी, पत्रकं वगैरे वाटता का?" म्हटलं, "पिठलं वाटते. मीठ जास्त झालं तर सांगा." ते गेले, पण मला झोप लागली नाही. या वयात संशयाने बघितलं की लागतं. आणि आपलेही कमी नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, वेगळी मंडळी काढता की काय?" रेबेका लगेच, "साहेब, आहे तीच सांभाळवत नाही, आणखी कुठे काढू?"

मग डाव्या पार्टीचे एक वडीलधारे गेले. त्यांच्या दारात पहिला डबा गेला तो रेबेकाच्या उजव्या पार्टीच्या जावेचा. त्या दिवशी दोन्हीकडचे पुरुष एका सतरंजीवर बसले, एका पातेल्यातलं जेवले. पुढच्या रविवारी परत भांडले म्हणा. पण आवाज खाली होता. पाळकसाहेब आता उपासनेनंतर विचारतात, "या आठवड्यात कोणाच्या घरी जायचंय?" चर्च बदललं असं मी म्हणणार नाही. थोडं हललं, एवढंच.

आता दमले गं मी. रेबेका मुलाकडे गेली. तिची जाऊ गुडघ्यामुळे जिना चढत नाही. भाकरी थापताना मनगट चावतं. प्रत्येक दुःखाच्या घरातून थोडं दुःख अंगावर घेऊनच येते. परवा मंदाला म्हटलंसुद्धा, पुरे आता, बंद करू या. ती म्हणाली, "मग मी मेले तर कोण येईल?"

आणि तेव्हा तू डोळ्यांपुढे आलीस. विलासरावांना माती देऊन लोक पांगले. ज्याची त्याची गाडी, ज्याची त्याची ड्यूटी. जुनी लाइन रिकामी, जुनी माणसं गेलेली. नामपूरहून आलेले तुझे दीर-नणंदा बाहेर बसलेले, आणि तू डोक्यावरचा पदर सावरून उठलीस नि गॅस पेटवलास. आपल्या मनमाडमध्ये! मी आत धावले, तर म्हणालीस, "ताई, राहू दे. ती माणसं आता उरली नाहीत." मी कुकर लावला, तू कणीक मळत होतीस, आणि रडायला तुला वेळच मिळाला नाही. तो अजून मिळाला नाहीये, असं वाटतं मला.

घर कुठलं, म्हणून इथे कोणी विचारलं की मी आधी मनमाड सांगायची. आता जीभ अडखळते. जिथे आपली चूल पेटली नाही हे शेजारी कोणाच्या तरी ध्यानात येतं, ते घर. तेवढं इथे झालंय. अर्धवट झालंय, पण झालंय. मनमाडलाही होईल, दोघी जमल्या तरी होईल, दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे, हे येशूचं वचन तुलाही पाठ आहे. पण ते नंतर. चर्चला जा म्हणून मी तुला आत्ता सांगणार नाही.

आत्ता एवढंच, येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने ये. नाशिकरोडला उतरलीस की रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसू नकोस. पिठलं मी करते, भाकऱ्या मंदा थापेल. तू स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, ताटावर बसायचं आणि हवं तितका वेळ रडायचं. वर्ष उशीर झाला, होऊ दे. लवकर ये, बाई.