मशीन बंद करणारा माणूस

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी कामगारांना सुरक्षितता शिकवतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून या नोकरीचं मला अप्रूप आहे. रोलरवर काम करणारा एक मिशीवाला कामगार आहे; वर्गात सगळ्यात मोठ्यानं उत्तर देणारा तोच.

"रोलरमध्ये कापूस अडकला तर?"

"आधी मशीन बंद, मग हात!" असं म्हणून तो मिशीवरचा कापूस झटकतो.

कामावर मात्र तो चालू रोलरमध्येच हात घालतो. मी धावत गेलो की हसतो. "सायेब, लय भेताव तुमी. ही मशीन माझा हात वळखती."

मुकादमाकडं तक्रार केली, तर तो म्हणाला, "माल सगळ्यात जास्त तोच काढतो."

परवा त्याची बायको भाकरी घेऊन आली, नेमका तेव्हाच कापूस अडकला. त्यानं बटण दाबलं आणि रोलर पूर्ण थांबेपर्यंत हात मागं बांधून उभा राहिला.

"रोज असंच करताव न्हवं?" तिनं विचारलं.

"तर! इचार सायबाला."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही रोज येत जा."

तो पहिल्यांदाच हसला नाही.

आता कापूस अडकताना दिसला की मी लांबूनच ओरडतो, "वहिनी आल्या!" तो आधी बटण दाबतो, मग दाराकडं बघतो. दारात कुणी नसतं, पण मशीन थांबलेली असते.

रजा घेतली की मात्र घरी माझं कशात लक्ष लागत नाही.