लायसन्सचा रेडिओ

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच मूर्खपणा केला. ते स्वराज्याच्या सरकारला मदत करायला गेले.

बोटीवरची नोकरी सोडून बाबा दिघीला परतले, तेव्हा एक मोठा रेडिओ घेऊन आले होते. त्याचं लायसन्स पोस्टातून रीतसर काढून त्यांनी रेडिओखालीच घडी घालून ठेवलं होतं. वादळाची सूचना ऐकायला अख्खा कोळीवाडा आमच्या ओटीवर जमायचा. एका संध्याकाळी काटा सरकवता सरकवता गस्तीच्या पोलिसांचं आपसातलं बोलणं लागलं. चोरटा माल पकडायला ते कुठे दबा धरणार, तेसुद्धा स्वच्छ ऐकू आलं.

दुसरा कोणी गप्प बसला असता. बाबा सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ठाण्यावर गेले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं बोलणं घराघरात ऐकू येईल. माल उतरवणारेही ऐकत असतील. जपून बोला."

दुपारी दोन शिपाई आले आणि रेडिओ उचलून घेऊन गेले. बाबांनी ठाण्यावर जाऊन लायसन्स दाखवलं, तर फौजदार म्हणाला, "हे गाणी ऐकायचं लायसन्स आहे. पोलिसांचं ऐकणं गुन्हा आहे. नोंदवत नाही, हे उपकार समजा."

महिन्याभराने बोलावणं आलं. रेडिओ फौजदाराच्या घरी पोचला होता आणि त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री लागत नव्हती. बाबा गेले, आणि तासभर खटपट करून त्यांनी ती लावून दिली.

फौजदाराने त्यांना चहा विचारला, याचं मला काही वाटत नाही. बाबा तो पिऊन आले आणि चहा चांगला होता म्हणाले, हे मी अजून विसरलेले नाही.