चंपतरावांच्या गोळ्या

आमचे शेजारी चंपतराव महाल वस्तीतल्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. माणूस जिवाला जीव देणारा, पण डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला वाजंत्रीच लागायची. टीबी निघाला तेव्हा क्लॅरोनेट पेटीत गेलं आणि सरकारी गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली, तर हा गडी बायकोला हाका मारतच बाहेर आला. तो औषधाचा रंग आहे, घाबरू नका, असं दवाखान्यातल्या अस्मितानं समजावलं. पुढं खोकला गेला, भूक लागली, झणझणीत रस्सा मागणं सुरू झालं.

मग अस्मितानं त्यांच्या बायकोच्या, गोपिकाबाईंच्या हातावर बारीक सुई टोचली. दोन दिवसांनी तिथं लाल गांधी उठली. चंपतरावांच्या लेखी सुई म्हणजे एक तर लस, नाहीतर औषध. सुईनं नुसती तपासणीही होते, हे त्यांना बापजन्मात कोणी सांगितलं नव्हतं.

अस्मिता म्हणाली, "काका, जंतू काकूंच्या अंगात गेलेत, पण आजार दिसत नाही. छातीचा फोटो साफ आला की त्यांनाही गोळ्या देऊ, पुढं आजार होऊ नये म्हणून. तुमच्या मात्र चालूच ठेवा."

"बिमारी नाही तं तिले गोळ्या काहून? अन् मी बरा झालो तं मले काहून?"

अस्मितानं पुन्हा सगळं सांगितलं. चंपतरावांनी मान हलवली. समजलं काहीच नाही. घरी येता येता त्यांनी आपलंच गणित मांडलं. खोकला आपला थांबला, हात बायकोचा सुजला, म्हणजे बिमारीनं बिऱ्हाड हलवलं. ही बाई आपल्या नावाचे सोमवारही स्वतःच धरते. दुखणंही हिनंच अंगावर घेतलं असणार! त्यांना भडभडून आलं.

दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या गोळ्या तिच्या हातावर ठेवू लागले. "तू खाऊन घे वं. मी ठीक आहो." तीही खायची. नवऱ्यानं एवढ्या मायेनं कधी पाण्याचा पेलासुद्धा दिला नव्हता.

फोटो साफ आला. अस्मिता गोपिकाबाईंच्या गोळ्या घेऊन घरी आली. "काकू, यानं लघवी लाल होईल हं."

"ते तं कवाची होऊन राहिली."

अस्मिता थबकली. "काका, तुमची?"

"एकदम साफ!" चंपतराव छाती फुगवून म्हणाले, आणि खोकले.

थुंकी पुन्हा तपासली. जंतू जिवंत होते. नवऱ्याच्या गोळ्यांनी काही बिघडलं का म्हणून तपासलेलं गोपिकाबाईंचं रक्त नशिबानं ठीक निघालं. डॉक्टर ओरडले, ते चंपतरावांनी ऐकून घेतलं. अस्मिता हळूच बोलली, ते मात्र जिव्हारी लागलं. "काका, काकूंना हे जंतू तुमच्या खोकल्यातूनच आले. तुम्ही गोळ्या सोडल्या, तिथंच त्यांना पुन्हा धोका झाला."

"मी तं तिले वाचवून राहिलो होतो," ते म्हणाले. मी तिथंच होतो. मला असा राग आला होता, पण त्यांचं तोंड पाहून बोलवेना.

सकाळी दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या वाट्यांत होत्या. चंपतरावांचा हात सवयीनं बायकोकडे गेला. तिनं तो धरून त्यांच्याच तोंडाकडे वळवला.

"माह्यासाठी काई करायचं हाये ना? मंग तुमच्या तुमीच खा."

"अजूनबी मले समजलं नाही, गोपिका."

"नका समजू. मले एकटं नाही राहायचं. गिळा."