ताईंचा दुसरा रविवार

"आधी माझी तलवार काढा, मग चहा टाका," असं म्हणतच ताई आमच्या घरात शिरायच्या. चपला दारात, शाल खुर्चीच्या पाठीवर, आणि उजवा हात पुढे करून उभ्या. मी कपाटातल्या डब्यातून बोटभर उंचीची प्लॅस्टिकची बाहुली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, की मगच बसायच्या. त्या बाहुलीच्या हातात दात कोरायच्या काडीएवढी तलवार. एकसष्ट वर्षांची बाई, चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स म्हणून काढलेली, आणि हट्ट बघा!

गेल्या वर्षी ताई दिल्लीकडचं बिऱ्हाड मोडून नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत अजून कुणाचा ताप उतरला नाही की लोक म्हणतात, "सिस्टरजी होतीं तो देख लेतीं." तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी बाई असेल. तिच्याकडून तुम्ही फुकट इंजेक्शनं टोचून घेतली असतील. ती स्वतः रविवारी काय करते, हे कधी विचारलंय का? मीही विचारलं नव्हतं, म्हणून म्हणते.

आमचा खेळ काय ते आधी सांगते. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट रचून सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. दरी आली, राक्षस आला, तर काय करायचं ते आपण ठरवायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठं दान पडलं तर निभावलं, लहान पडलं तर भोगा. बस्स. माझे सासरे याला मोठ्यांची भातुकली म्हणतात. म्हणू देत.

आम्ही तिघं होतो. कौस्तुभ, पुण्याचा, गुरुग्रामच्या आयटी कंपनीतला, आमचा गेम मास्टर. नीलिमा, नांदेडची, केंद्र सरकारच्या ऑफिसात. ती गोष्टीतली वैद्य. आणि मी चोर. महिन्याचा दुसरा रविवार, माझ्या घरी, सकाळी दहा ते दिवे लागेपर्यंत. आठवडाभर ऑफिसात हिंदी-इंग्रजी बोलून जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून खेळ मराठीत.

अशाच एका रविवारी माझ्या चोराच्या पोटात भाला घुसला. कौस्तुभ ओरडत होता, "रक्त थांबत नाहीये!" नीलिमा किंचाळली, "अगं मरतोय तो, धरून ठेव!" दोन मिनिटांत बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या सिस्टरजी. एका हातात बीपीचं मशीन, दुसऱ्या हातात पट्ट्यांची पिशवी, अंगात उलटा घातलेला स्वेटर.

"पेशंट कुठंय?"

मराठीत! दोन वर्षं आम्ही लिफ्टमध्ये एकमेकींना "नमस्ते जी, ठंड बढ़ गई" म्हणत होतो. मला हसावं की रडावं कळेना. मी टेबलावरच्या आडव्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या चोराकडे बोट दाखवलं. आता ही बाई आम्हाला सोलून काढणार, असं वाटलं.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, वाकून बघितलं. "बाप्पा!" म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "किती वेळ झाला याला पडून?"

तासाभरानं नीलिमा म्हणाली, "ताई, तुम्हीच वैद्य व्हा ना. मी दुसरं काहीतरी घेते."

"काऊन? चौतीस वर्षं पट्ट्या बांधल्या ना. आता मला तलवार द्या. आणि इथं मला सिस्टर म्हणायचं नाही."

त्यांच्या लढवय्या बाईचं नाव त्यांनी भागरथा ठेवलं. "माझी आत्या. विटा वाहायची. कुणाच्या बापाचं ऐकायची नाही."

तर अशी भागरथा आमच्यात आली. नीलिमाच्या वैद्यानं मलमपट्टीत घोळ घातला आणि "ताई, आता काय करू हो?" असं विचारलं, की ताई शांतपणे वडा खात म्हणायच्या, "मला नको विचारू. भागरथाला रक्त बघून चक्कर येते." पण सवय कुठे जाते? दर रविवारी सुरुवातीला, नर्सा ड्यूटी बदलताना चार्ज घेतात तसा, त्या कौस्तुभकडून चार्ज घ्यायच्या. "चोर कसा आहे? जखम भरली? वैद्याचा ताप? घोड्यांना पाणी दिलं?" कौस्तुभ बिचारा घोडे विसरलेला असायचा. त्यानं पुढे एक वहीच केली. ऑफिसातल्या मॅनेजरला घाबरत नसेल इतका तो ताईंना घाबरायचा.

आता मूळ गोष्टीकडे येते.

ताईंचा मुलगा गुरुग्रामला. त्याला बाळ झालं आणि ताई सोमवारी सकाळी तिकडे जायला लागल्या, शनिवारी संध्याकाळी परत. सहा दिवस नातू. त्यांनी मुलाकडून एकच गोष्ट मागून घेतली होती: दुसरा रविवार माझा. मुलगा हो म्हणाला होता. पण होतं काय, की ऐन दुपारी फोन यायचा. बाई आली नाही, बाळ रडतंय, आम्हाला बाहेर जायचंय. ताई फोन ठेवायच्या, शाल उचलायच्या. "भागरथा झोपली असं समजा," म्हणायच्या आणि जायच्या. एका वर्षात आमची भागरथा तीन धर्मशाळांत, एका गुहेत आणि एका बैलगाडीत झोपली.

मी भडकायचे. मी मुळातच फटकन बोलणारी. एकदा दारातच म्हणाले, "ताई, नाही म्हणा की एकदा! तुम्ही काय त्याच्या नोकर आहात?"

त्यांनी चपला घालता घालता सांगितलं. नवरा लवकर गेला. मुलगा शेजाऱ्यांकडे वाढला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याचं नाटक होतं, मुख्य काम, आणि वॉर्डात त्याच दुपारी बस अपघातातली माणसं आली. ताई शाळेत पोचल्या तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते. तो पायरीवर बसला होता, काजळानं रंगवलेली मिशी तशीच. "तो अजून म्हणतो गं, मम्मी, तू कधी नव्हतीसच. मग आता बोलावलं की जाते."

मी पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबून दिलं.

मग आला तो जानेवारीतला रविवार. कौस्तुभची पुण्याला बदली झाली होती, पुढच्या आठवड्यात जायचं होतं. तीन वर्षं चाललेली गोष्ट आज संपवायची, नाहीतर कायमची अर्धवट. ताईंनी मुलाला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. बाल्कनीत ऊन होतं, ताईंनी तर्रीपोह्यांचं पातेलं आणलं होतं, आणि आम्ही चाळीस गावकऱ्यांना एका दुष्ट सरदाराच्या फौजेपासून वाचवून डोंगरापलीकडे नेत होतो.

दीड वाजता फोन आला. ताईंना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"मम्मी, आम्हाला लग्नाला जायचंय. बाई आली नाही यार."

"मग बाळाला घेऊन जा."

"बाहेर थंडी आहे."

"टोपी घाल."

आम्ही तिघं टेबलाकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, "तू तर नुसती खेळतेयस ना?"

मी ताईंच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते. मला वाटलं, आता शाल उचलणार.

"हो," ताई म्हणाल्या. "खेळतेय. आज माझी सुट्टी आहे. महिनाभर आधी सांगितली होती." आणि फोन ठेवला. पाणी मागितलं. पेला संपवून म्हणाल्या, "असं मी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं." मग कौस्तुभवर डाफरल्या, "बघतोस काय? चलो, पुढे सांग!"

साडेचारला दाराची बेल वाजली. मी उघडलं, तर मुलगा. लग्नाचा सूट, कडेवर टोपी घातलेलं बाळ, आणि कपाळावर ही आठी. गुरुग्रामहून तासभर गाडी चालवत आला होता, मूल आईकडे टाकायला. मी काहीतरी खरमरीत बोलणारच होते, पण आत वेळ फार वाईट होती.

गावकरी दरीवरच्या दोरांच्या पुलावर होते. फौज मागे येऊन भिडली होती. सगळे पलीकडे जाईपर्यंत अलीकडचं टोक कुणीतरी राखायचं होतं. भागरथा म्हणाली होती, मी राखते. तीन दानं पडायची होती, प्रत्येक वेळी दहाच्या वर. पहिलं चौदा पडलं होतं.

ताईंनी मुलाला बघितलं. उठल्या नाहीत. "बस," म्हणाल्या. "आवाज करू नको. माणसं पुलावर आहेत."

तो इतका चक्रावला, की चपलांच्या स्टुलावरच बसला, बाळासकट.

दुसरं दान अकरा. नीलिमानं माझा हात धरला. तिसरा फासा ताईंनी मुठीत बराच वेळ धरला आणि टाकला. तीन.

कौस्तुभचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "ताई, पुलाचा दोर तुटतोय. भागरथा मागे सरू शकते. ती वाचेल. पण दहा जण अजून पुलावर आहेत." त्याला त्यांना वाचवायचं होतं हो. आम्हा सगळ्यांनाच वाचवायचं होतं.

"मागे?" ताई उठून उभ्या राहिल्या. "कोण मागे जातंय? दोर तुटतोय ना? मी तो कंबरेला गुंडाळते. दोन फेरे. पाय त्या दगडाला लावते. आता तुझ्या फौजेला सांग, या." त्यांनी खरंच पाय टेबलाच्या पायाला लावला होता. आवाज चढवला नव्हता, पण पाठ अशी ताठ, की मीही नकळत ताठ बसले. "म्हातारीला आधी जाऊ दे. रेटू नका. पोरांचा हात सोडू नका. तू, खाली बघू नको, माझ्याकडे बघ. हां. चल. पुढचा."

एकेकाला त्यांनी पार केलं. दहाच्या दहा. घरात बाळाच्या श्वासाचा आवाज येत होता.

"शेवटचा गेला," कौस्तुभ म्हणाला.

"आणि भागरथा गेली," ताईंनीच सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "लिहून घे. वेळ, चार बावन्न."

कौस्तुभनं वहीत लिहिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. नीलिमा तर हुंदके देत होती. मी? मी रडले, आणि सांगायला लाज कसली, मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की सोसायटीच्या गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटलं.

मुलगा स्टुलावरून उठला होता. त्याला आमच्या गोष्टीचं डोकं ना शेपूट माहीत. बाळ त्याच्या टायवर लाळ गाळत होतं, तिकडेही त्याचं लक्ष नव्हतं. तो आईकडे बघत होता.

"मम्मी," तो म्हणाला, "वॉर्डमध्ये तू अशीच उभी राहायचीस?"

ताई खुर्चीत बसल्या. दमल्या होत्या. शाल ओढून घेतली.

"रोज," म्हणाल्या.

त्यानं बायकोला फोन करून, लग्नाला तू पुढे हो, एवढं सांगितलं. मग बाळाला मांडीवर घेऊन आमच्यात बसला आणि गार झालेले तर्रीपोहे दोन बश्या खाल्ले. ताईंनी बाळाला घ्यायला हात पुढे केला नाही. त्यांनी चहा प्याला, सावकाश, बशीत ओतून.

पुढच्या महिन्यात गुरुवारी मला अनोळखी नंबरावरून फोन आला. कौस्तुभ पुण्याला पोचला होता. नीलिमा आणि मी ठरवून टाकलं होतं, की आता गेम मास्टर नाही तर खेळ बंद. ताईंना सांगायचं धाडस मात्र दोघींनाही होत नव्हतं.

"मी बोलतोय, मम्मीचा मुलगा. येत्या रविवारचं विचारायचं होतं. मी त्या दिवशी कुठेच जात नाहीये, बाळ माझ्याकडे. मम्मी या शनिवारी आमच्याकडेच राहणार आहे. तिला सोडायला किती वाजता येऊ?"

आयुष्यात मी कधी कुणाला गोष्ट रचून सांगितलेली नाही. माझ्याकडे नकाशा नव्हता, राक्षस नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं.

"दहा," मी म्हणाले. "आणि उशीर करू नका हं, आज नवीन गोष्ट सुरू होते." आज नव्हे, रविवारी, असं त्यानं मला सुधारलं. मी फोन ठेवला आणि नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.