दोघींचा ट्रक

कवळ्या बनवणारी बाई कामावरून आली की नखांतलं प्लास्टर काढायची, चहा घ्यायची आणि टीव्हीसमोर बसून ट्रक चालवायची. वय बावन्न. हसायचं त्याने खुशाल हसावं. पण आधी घाटातल्या वळणावर चाळीस टनी ट्रक मागे घेऊन दाखवावा.

गेम डाउनलोड केलेला, आणि खातं दोघींत एक: तिचं आणि परगावी एकट्या राहणाऱ्या ताईचं. आई होती तेव्हा हौसेने उघडलेलं. आई गेल्यावर दोघींचं असं काही वाजलं, की चार वर्षं बोलणं बंद. खातं मात्र एकीनेही सोडलं नाही.

एका वेळी एकीलाच खेळता यायचं. दुसरीने उघडलं की पहिली बाहेर. ऐन चढावर पडद्यावर पाटी यायची, 'हे खाते दुसरीकडे वापरात आहे', आणि बाई ताईच्या नावाने बोटं मोडायची. दहा मिनिटांनी ती ताईला बाहेर काढायची. ट्रकही एकच. ताई तो कुठेतरी ठोकून, टाकी रिकामी करून सोडायची. डिझेल भरता भरता ही तिचा उद्धार करायची.

नवऱ्याला वाटलं, बायको अगदी मेटाकुटीला आलीय. त्याने त्याच गेमची डिस्क आणली.

"घे, तुझी तुला. आता ताईचा बाप आला तरी तुला बाहेर काढू शकणार नाही."

"ताईचा बाप म्हणजे माझाच की," ती म्हणाली. पण खूश झाली.

दोन दिवस मजेत गेले. नवा कोरा ट्रक, अंगावर ओरखडा नाही. मग तिला काय झालं कोण जाणे. पाच मिनिटं चालवायची, उठून पाणी प्यायची, खिडकी उघडायची, लावायची, परत बसायची. कुणी हटकत नव्हतं आणि तेच तिला सोसवेना. कामावर तिने एका कवळीत डाव्या सुळ्याच्या जागी उजवा सुळा बसवला. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मालकाने कवळी उलटसुलट करून पाहिली. "बाई, हा माणूस जेवणार आहे की चावणार आहे?"

नवव्या दिवशी तिने डिस्क काढून ठेवली आणि जुनं खातं उघडलं. ट्रक पुलाअलीकडच्या पंपावर उभा होता, तिने सोडला होता तिथेच. टाकी तिने भरली होती तेवढीच.

नऊ दिवस ताईने ट्रक जागचा हलवला नव्हता. पडली असेल? आजारी असेल? कळवणार तरी कोण, आणि कुणाला? मान-अपमान गेला चुलीत, असं म्हणत ती मोबाइल शोधू लागली. उशा उचलल्या, ओट्यावर पाहिलं. तेवढ्यात तो सोफ्याच्या फटीत वाजला. पडद्यावर ताईचं नाव.

"आत्ता मला बाहेर काढलं, ते तूच ना?" ताईने विचारलं.

"हो. तू ट्रक का हलवला नाहीस?"

"रोज उघडून नुसती बसत होते गं. म्हटलं, तू येऊन हाकलेपर्यंत इथून हलायचं नाही."