पिशवी एक, बंद

त्या पोलिसाचं नाव मला माहीत नाही. जर्मनीत झिंडेलफिंगेन गावी मुलाकडे राहत होते तेव्हाची गोष्ट. मुलगा गाडीची काच उघडी टाकून गेला, म्हणून चोरी होऊ नये यासाठी पोलिसांनी गाडी आपल्या आवारात नेली. ती परत आणायला मुलगा आणि मी गेलो. डिकीत माझी कापडी पिशवी होती. कॅन्सरमुळे माझी एक छाती काढली होती, तिच्या जागी घालायची रबरी छाती त्या पिशवीत होती. मुलाला ऑपरेशन माहीत होतं, ही वस्तू फक्त सुनेला.

हिरव्या वर्दीतले ते पोलीस एकेक वस्तू उचलून लिहून घ्यायचे आणि होती तशीच परत ठेवायचे. मुलाचा चष्मासुद्धा काचा वर करून ठेवला. मग त्यांचा हात माझ्या पिशवीला लागला.

मला जर्मन येत नाही, त्यांचं बोलणं मुलानं नंतर सांगितलं. तो हसून त्यांना म्हणाला, "उघडा की! आईचे स्वेटर असतील."

त्यांनी हात मागे घेतला आणि त्यालाच सांगितलं, "मग आईला विचारा."

मुलानं विचारलं. मी मानेनंच नको म्हटलं.

"अगं, सोनं लपवलंस की काय?"

पोलीस त्याला काहीतरी बोलले. तो गंभीर होऊन म्हणाला, "आई, ते म्हणतात, काही हरवू नये म्हणून आम्ही लिहितो. आत डोकावायचा हक्क आम्हाला नाही."

माझी लग्नातली ट्रंक सासूनं उघडली, दिरानं उघडली, विचारलं कुणीच नाही. इथे कमरेला पिस्तूल लावलेला माणूस माझ्या मान हलवण्यावर थांबला.

त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. परक्या पुरुषाकडे मी कधी वर बघत नाही. त्यांच्याकडे डोळे भरून बघितलं.